जांगड आणलेला आवाज

बाई, आज सकाळपासून माझ्या घरात आवाजांची परीक्षा चालू आहे. तू गेलीस तेव्हा रांगत असलेला माझा लेक, तुझा नातू, आता डोक्यानं पांढरा झालाय, पण त्याची हौस काही म्हातारी झाली नाही. घरात चांगले चालणारे स्पीकर असताना त्याला त्याहून चांगले हवे आहेत. दुकानदारानं दोन जोड्या घरी ऐकायला दिल्या आहेत, आवडेल ती ठेवायची, दुसरी परत. सोफा सरकवून झाला, पडदे ओढून झाले, एकच गाणं कितीदा लावलं त्याला सुमार नाही. याला म्हणे डेमो म्हणतात. मी म्हटलं, बाळा, याला आमच्या जालन्यात जांगड म्हणायचे, आणि तुझ्या आजीनं त्या जांगडीवर एक वकील हरवला होता. तो हसला आणि परत तारा जोडायला लागला. मग म्हटलं, ज्याला ऐकायला वेळ नाही त्याला कशाला सांगा, तुलाच लिहावं.

जुन्या जालन्यातलं आपलं घर माझ्या डोळ्यांसमोर आहे. पुढं अण्णांची वकिलीची बैठक, मधे अंधारी खोली, मागं तुझं सैपाकघर आणि त्यात तो पितळी स्टोव्ह. रेडिओ बैठकीत, आरशाच्या खाली, तू भरलेल्या रुमालाखाली झाकलेला. कोर्टातून आले की अण्णा रुमाल बाजूला करायचे, आणि त्यांनी बटण फिरवायचा अवकाश, गल्लीतली मंडळी चपला काढून हजर. अण्णांचे उर्दू शाळेतले जुने दोस्त, शाळेचे हेडमास्तर, एखादा पक्षकार. बातम्या व्हायच्या, बाजारभाव व्हायचे आणि मग गाणं लागायचं. गाणं लागलं की कुणाला तरी चहाची आठवण व्हायची. अण्णा आतल्या बाजूला बघून नुसते खाकरले की तू स्टोव्हला पंप मारायला बसायचीस. एकदा तो भर्र करून पेटला की पुढं काय, तुला माझाही आवाज ऐकू यायचा नाही. चहा गाळून स्टोव्ह बंद करावा तर तिकडं गाणं संपून कुणीतरी खताची माहिती सांगत असायचं.

एकदा कप विसळताना तू मला म्हणालीस, "गाण्याचं तोंड तेवढं कळतं बघ मला. शेवटाला काय होतं, देवाला ठाऊक." हसतच म्हणालीस. पण तुझ्या माहेरी, आष्टीला, तुझा गळा गोड म्हणून बायका तुला मुद्दाम बोलावून न्यायच्या, हे मला मावशीनं सांगितलेलं होतं. तेव्हापासून गाणं लागलं की माझंच लक्ष लागेना. पाहुण्यांचा मला राग यायचा, आणि हेडमास्तरांचा सगळ्यात जास्त, कारण ते दुसरा कप मागायचे.

मग रेडिओतल्या स्पीकरचा कागद फाटला. बातम्या सांगणारा माणूस पडसं झाल्यासारखा बोलायला लागला आणि गाणारी बाई तर सुपात खडे पाखडल्यासारखी. नवा रेडिओ घेणं तेव्हा कुणाच्या बापाला झेपत होतं? पण पाठीमागं दुसरा स्पीकर जोडायची सोय होती. नव्या जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला एक मारवाडी शेटजी होते. बापजाद्यांचं दुकान कापडाचं, त्यातलीच एक बाजू मोकळी करून त्यांनी रेडिओ विकायला ठेवलेले. माल बदलला तरी रीत कापडाचीच. चार साड्या घरी पाठवायच्या, बाईमाणसाला पसंत पडेल ती ठेवायची, बाकीच्या घडी न मोडता परत. तीच रीत त्यांनी स्पीकरला लावली. पहिला स्पीकर स्वतः टांग्यातून घेऊन आले आणि उंबऱ्यातच म्हणाले, "वकीलसाब, जांगड ठेवून जाऊन राह्यलो. भाभीजींना पसंत पडला तर ठेवा, न्हाई तर बिलकुल वापस. आपला उसूलच हाय, घरातली पसंती." अण्णा हसले. म्हणाले, "मंजूर." बाई, साडी सोडून कशातही तुझी पसंती विचारायची, असं आपल्या घरात तोवर घडलं नव्हतं. अण्णा वाईट नव्हते. त्यांना ते सुचलं नव्हतं एवढंच.

तो पहिला केवढा होता आठवतं? परातीएवढा, फळीच्या खोक्यात बसवलेला. आवाज लागला तशी खिडकीची तावदानं थरथरली, मंडळी खूष, हेडमास्तर म्हणाले की दरबारात बसल्यासारखं वाटतं. अण्णांनी मला आत पिटाळलं, "जा, तुझ्या आईला विचार, कसा वाटतो." तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "त्यांना म्हणावं, बोलणं कळून न्हाई राह्यलं. शेजारी जातं दळून राह्यलेत असं वाटतं." मी बैठकीत जाऊन शब्दन्‌शब्द सांगितलं. अण्णांचं तोंड उतरलं, पण मंजूर म्हटलेलं, आणि तेही माणसांदेखत. स्पीकर परत गेला.

दुसरा आला तो कर्कश. त्याला तू बाजारात दवंडी देणाऱ्या भोंग्याच्या रांगेत बसवलंस, आणि खरं सांगायचं तर बरोबरच बसवलंस. तिसरा मात्र गुणी होता. लहानसा, पुढं जाळीचं कापड, आणि गाणारी बाई जणू दारातच उभी.  मी निरोप घेऊन आत आले तेव्हा स्टोव्ह बंद होता आणि मधल्या खोलीतून एकेक शब्द स्वच्छ येत होता, तंबोऱ्यासकट. तू भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली. मी म्हटलं, "बाई, काय सांगू?" तू डोळे उघडलेस, माझ्याकडं बघून एक भुवई उडवलीस आणि म्हणालीस, "सांग, ऐकू येत न्हाई." मी चरकले. चांगला चालून आलेला स्पीकर तू दवडतेस असं मला वाटलं. पण निरोप्यानं निरोप द्यावा, म्हणून दिला.

दुसऱ्या दिवशी शेटजी आले. रागावले नव्हते, पण त्यांचा धंद्याचा जीव अडकला होता. त्यांच्या दुकानातला माल कुणा बाईमाणसानं तीनदा नापसंत केला असं कधी झालं नव्हतं. बैठकीत मंडळी जमलेली. ते मधल्या दाराकडं तोंड करून म्हणाले, "भाभीजी, माल तर बराबर हाय. मंग खोट कशात हाय, तेवढं सांगा. तुम्ही म्हणाल तसा करून देतो." अण्णा खाकरले, पण ते चहाचं खाकरणं नव्हतं. तू दाराआड उभी राहिलीस. मी तुझ्या शेजारी होते, तुझा पदर तू घट्ट धरला होतास. आवाज मात्र सरळ गेला तुझा.

"शेटजी, तुमच्या दुकानात साडी दाखवताना ती नेसणारीच्या खांद्यावर टाकून दाखवतात, का शेजारणीच्या?"

 मग शेटजी जे हसले ते पगडी सावरावी लागेपर्यंत हसले. म्हणाले, "वकीलसाब, केस हारले तुम्ही. आम्ही रोज शेजारणीच्या खांद्यावर टाकून राह्यलो आणि पसंती भाभीजींना विचारून राह्यलो." सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णा जमिनीकडं बघत होते. मला वाटलं, आता काही खरं नाही. तू माझा हात धरलास. मग अण्णा अगदी हळू म्हणाले, "सैपाकघरापर्यंत तार लागंल न्हाई? जल्दी मागवा मंग."

तो लहान स्पीकर तुझ्या मिठाच्या बरणीशेजारी फळीवर चढला. बैठकीत तोच पडशाचा आवाज राहिला, कारण दोन स्पीकरांचा खर्चा त्या वर्षी होणार नव्हता. पहिल्या संध्याकाळी गाणं लागलं आणि बैठकीतून सवयीनं खाकरणं आलं. तू पंपाला हात लावला नाहीस. पाटावर बसून राहिलीस. गाणं संपलं, शेवटी ती बाई एका सुरावर थांबली आणि तो सूर विरून जाईपर्यंत तू हलली नाहीस. मग म्हणालीस, "असं संपतं व्हय." आणि उठून स्टोव्ह पेटवलास. त्या दिवशी चहा उशिरा गेला आणि कुणी काही म्हणालं नाही, हेडमास्तरसुद्धा.

पुढं काय झालं ते तर गंमतच. चार-आठ दिवस अण्णांनी बैठकीत खडे पाखडलेले ऐकले, मग पाणी प्यायचं निमित्त काढून आत आले. मग पाणी प्यायला बसायला लागले. मंडळी पांगली की पाट ओढून तुझ्यासमोर बसायचे, आणि भाजी निवडताना तुझ्या तोंडून हळूच एखादी ओळ निघाली की कोर्टात साक्षीदाराकडं बघावं तसे टक लावून बघायचे. एकदा म्हणाले, "हे कधी न्हाई सांगितलं?" तू म्हणालीस, "कधी न्हाई विचारलं." पण रागानं नव्हे. मी तिथंच बसून गणितं सोडवत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की गणितं चुकत होती.

तर आता हे लिहिता लिहिता चहा ठेवायला उठले, तेवढ्यात तुझ्या नातवानं बाहेरून हाक मारली. माझ्या सैपाकघराला मधली खोली नाही, दारसुद्धा नाही. गॅस आवाज करत नाही. गाण्यातल्या तबल्याचं बोट कुठं पडतं तेही मला ओट्यापाशी उभं राहून कळत होतं. तो म्हणाला, "आई, तिथं ऐकू येतंय का गं नीट?" मी म्हटलं, "न्हाई रे, काहीच न्हाई." शहरात इतकी वर्षं काढली, पण तो 'न्हाई' तुझाच निघाला. तो आला, गॅस बंद केला, मला हाताला धरून नेलं आणि सोफ्याच्या बरोबर मधोमध बसवलं. या जोडीचं म्हणे असं आहे की सगळ्यात चांगलं एकाच जागेवरून ऐकू येतं, आणि सकाळपासून ती जागा त्यानं कुणाला दिली नव्हती. "तू बस. चहा मी करतो," म्हणाला. हे उरलेलं मी तिथंच, मांडीवर पाटी धरावी तसा कागद धरून लिहिते आहे. हा कागद कुठं टाकायचा नाही, तुझ्या त्या भरतकामाच्या रुमालात ठेवेन. गाणं शेवटाला आलंय. बाई, ऐकू मला तिथूनही येत होतं.