बुधवार तुमचा होता

प्रिय आई,

'प्रिय' हा शब्द सवयीने लिहिला गेला. तो खोडत नाही, पण त्यावर फार विसंबू नका.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. एवढ्या काळात तुमच्याशी एक शब्द बोलावासा वाटला नव्हता. इथल्या मराठी मंडळींनी तुमच्यासाठी सभा ठेवली, तेव्हाही मी मागच्या रांगेत गप्प बसून होते. मलावीतल्या हातपंपाशेजारी उभं राहून काढलेला तुमचा फोटो मोठा करून लावला होता. सांगलीची निवृत्त गणिताची शिक्षिका साठीनंतर आफ्रिकेत जाते आणि एका खेड्यात पाणी आणते, असं एकेक जण उठून सांगत होता. दोन बायकांनी डोळे पुसले. घरी येताना केदार म्हणाला, माझ्या आईसाठी तूही दोन शब्द बोलायला हवे होतेस. मी म्हटलं, दोन शब्दांत माझं भागलं नसतं.

आज लिहितेय, कारण गेल्या रविवारी एस्नार्ट आमच्याकडे येऊन गेली. तुम्ही शेवटची पाच वर्षं जिच्या गावात काढलीत, ती. पाण्याच्या व्यवस्थापनाच्या एका कोर्ससाठी ती सिंगापूरला आली होती. तिने केदारला फोन केला आणि अगोगोचं घर बघायचंय म्हणाली. अगोगो म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. सगळं गाव तुम्हाला आजी म्हणत होतं! ऐकून मला काय वाटलं असेल, याचा अंदाज करा.

आधी तुमच्याकडून झालं काय होतं, ते माझ्या तोंडून एकदा ऐका. जिवंतपणी ऐकलं नाहीत. फोन कायम केदारला करायचात.

तुम्ही इथे वुडलँड्सला आमच्या घरी आलात तेव्हा सई आठ महिन्यांची होती. मी नुकती बँकेत परत रुजू झाले होते. ऑडिटची टीम माझ्या हाताखाली यायची होती, साहेबांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. इन्फंट केअरच्या पाळणाघरात नंबर लागत नव्हता, घरी राहणाऱ्या हेल्परला द्यायला आपल्या फ्लॅटमध्ये खोली नव्हती. म्हणून तुम्ही. तीन महिने सगळं नीट चाललं. मग तुम्ही म्हणालात, शाळेतली मैत्रीण कुमुद मलावीत लिलाँग्वेला असते, कधीपासून बोलावतेय, जाऊन येते. चांगी विमानतळावर तुम्हाला सोडायला मीच आले होते, सई कडेवर होती. तिच्या गालाला हात लावून तुम्ही म्हणालात, "महिनाभरात येते."

तिसऱ्या आठवड्यात तुमचा फोन आला, केदारला. मी इथेच राहतेय, तुम्ही दुसरी सोय बघा. एवढंच. का, कशासाठी, किती दिवस, काही नाही. मी फोन मागितला तोवर तुम्ही ठेवला होतात.

दुसरी सोय म्हणजे मी. आमचा इथला मुक्काम केदारच्या नोकरीच्या पासवर होता, त्याचा पगार मोठा होता, त्यामुळे नोकरी कुणी सोडायची यावर चर्चासुद्धा झाली नाही. चार वर्षांनी परत गेले तेव्हा जुनी बँक घेईना. जुरोंग ईस्टला एका लहान कंपनीत लागले. तिथली माझी वरिष्ठ पेई लिंग. बँकेत ती ट्रेनी म्हणून आली तेव्हा तिला काम शिकवलं होतं मी. ती माझ्याशी चांगलं वागते, हे आणखी त्रासदायक आहे.

म्हणून सभेत बोलले नाही. तुम्ही जगाला पाणी पाजत होतात, तेव्हा मी घरी बसून सईला मऊभात भरवत होते. पण निदान काहीतरी मोठं करायला गेल्या, आपल्या बुद्धीचा कुठेतरी उपयोग केला, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ती समजूत एस्नार्टने एका दुपारी मोडली.

चाळिशीची असेल. उंच, सावकाश बोलणारी. भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं तिने माझ्या हातात दिलं आणि घरभर नजर फिरवली. तुमचा फोटो शोधत असावी. आमच्याकडे तो लावलेला नाही. चहा घेताना तिने मोकळ्या इंग्रजीत गावाची गोष्ट सांगितली. केदार समोर बसला होता, सई खाली फरशीवर चित्र काढत होती.

त्यांचा पंप बंद पडून बरेच महिने झाले होते. पाण्याची समिती सगळी पुरुषांची. ते बैठका घ्यायचे आणि सरकार माणूस पाठवेल म्हणायचे. बायका ओढ्यात खड्डे करून पाणी काढायच्या, त्याच ओढ्यावर गुरं यायची. एस्नार्टचं दुसरं मूल त्या पाण्याने गेलं. हे तिने एकाच वाक्यात सांगितलं आणि पुढे गेली. नंतरच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, पाणी आम्ही भरतो, समितीही आमची. बायकांनी तिला निवडून दिलं. मग तिने ठरवलं की पंप खोलायला आणि जोडायला आपणच शिकायचं. तालुक्याच्या गावी त्याचं शिक्षण मिळत होतं, पण पोरं घेऊन येऊ नका अशी अट होती. प्रत्येकीच्या पाठीवर एक आणि हाताशी एक. पुरुष हसले. म्हणाले, आता बघू.

एस्नार्टची बहीण कुमुदमावशींकडे स्वयंपाकाला होती. तिच्याबरोबर तुम्ही एकदा गाव बघायला गेलात, तेव्हा हीच रड चालली होती.

"अगोगो म्हणाल्या, मुलं माझ्याकडे ठेवून जा," एस्नार्ट म्हणाली.

मी कप खाली ठेवला.

तुम्ही मुलं सांभाळलीत? पाच वर्षं? पाणी तुम्ही आणलंच नव्हतं. पाना हातात धरून पंप खोलला एस्नार्टने आणि तिच्या मैत्रिणींनी. घराघरातून वर्गणी त्यांनी गोळा केली, सुटे भाग त्यांनी आणले, पुढे ओढ्याकाठच्या ओल्या जमिनीवर उन्हाळ्यात कांदे-टोमॅटो लावून बाजारात विकले, तेही त्यांनीच. आणि तुम्ही चर्चच्या ओसरीवर बसून गावभरच्या पोरांची नाकं पुसत होतात, अंकगणिताची गाणी म्हणत होतात! एस्नार्टचा धाकटा तुमच्या मांडीशिवाय झोपत नसे म्हणे. ती हे कौतुकाने सांगत होती, आणि मी ओठ दाबून बसले होते. जिचं मूल गेलंय अशा बाईसमोर चिडायचं तरी कसं?

तरी मी बोललेच. म्हटलं, "माझी एकच होती. ती नाही सांभाळता आली त्यांना."

फरशीवरून सईने मान वर केली. सई आता सहा वर्षांची आहे, सगळं ऐकते. तिने विचारलं, "देन व्हाय आजी नेव्हर टेक केअर ऑफ मी?"

केदार उठून पाणी आणायला गेला. उत्तर तुम्ही द्यायला हवं होतंत. तुम्ही कुठे आहात?

एस्नार्टने सईकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती म्हणाली की अगोगोंनी हे आम्हाला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, की मी सुनेचं मूल सोडून आलेय. बायकांना ते आवडलं नव्हतं. काहींनी तर ह्या बाईकडे आपली पोरं ठेवायला नको, असं म्हटलं. तेव्हा एस्नार्टने तुम्हाला समितीसमोर बसवून विचारलं, तुम्ही आमचं काम कराल, तर त्याबदल्यात तुम्हाला काय हवं? तुम्ही तीन गोष्टी मागितल्यात. समितीत मत. ओढ्याकाठी भाजीपुरती एक पट्टी. आणि बुधवार. बुधवारी कुणी मूल आणून सोडायचं नाही, तो दिवस तुमचा. त्यांनी आपसात बोलून तिन्ही गोष्टी दिल्या.

"त्या म्हणाल्या, मुलाच्या घरी हे कुणी विचारलं नव्हतं," एस्नार्ट म्हणाली. "तिथे मी पोचायच्या आधीच सगळं ठरलं होतं."

हो, ठरलं होतं. तिकीट काढलं तुमच्या मुलाने, न विचारता ठरवलं तुमच्या मुलाने. आई येतेय, असं त्याने मला सांगितलं तेव्हा मी तुमचं मन आहे असंच समजले. पण आई, तुम्हाला तोंड नव्हतं का? अख्खं आयुष्य वर्गातल्या पन्नास पोरांना एका नजरेत गप्प बसवणारी बाई तुम्ही! माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून, "वृंदा, मला आठवड्यातला एक दिवस हवाय," एवढं म्हणायला काय झालं होतं? मी दिला असता. चिडचिड केली असती, केदारला सुट्टी काढायला लावली असती, पण दिला असता. आणि नसता दिला, तर भांडला असतात. भांडून गेला असतात तरी मला चाललं असतं. पण तुम्ही माझ्या पोरीच्या गालाला हात लावून खोटं बोललात.

परक्या बायकांपुढे अटी घालता आल्या, मग सुनेपुढेच लाजलात? की सून मागण्याच्या लायकीची वाटली नाही?

मी एस्नार्टला विचारलं, आता मुलांना कोण बघतं. मला वाटलं ती म्हणेल, आळीपाळीने बघतो. ती म्हणाली, एक बाई ठेवलीय, तिला भाजीच्या पैशातून पगार देतो. शेवटच्या बैठकीत तुम्हीच तो विषय मांडला होतात. तुम्हाला थकवा यायला लागला होता. तुम्ही म्हणालात, माझ्यानंतर जी हे करेल तिला पगार द्यायचा, पंप दुरुस्त करणारीला देता तेवढाच. यावर खूप भांडण झालं. मुलं बघायला कसला पगार, असं बायकाच म्हणत होत्या. एस्नार्टसुद्धा तुमच्या विरोधात होती, हे तिने स्वतः कबूल केलं. तुम्ही दोन बैठका अडून बसलात आणि ठराव करून घेतलात. त्यानंतर महिन्याभरात तुम्हाला ताप आला.

मी हसले. काय करणार? तुम्हाला सगळं कळत होतं तर. मुलं सांभाळणं हे काम आहे, त्याला पगार लागतो, सुट्टी लागते, बोलायला जागा लागते, हे सगळं तुम्हाला उमगलं होतं आणि त्यासाठी तुम्ही भांडलातही. एका अनोळखी बाईसाठी. ह्याच कामापायी जिची नोकरी गेली, तिला एक फोन करावासा वाटला नाही. पाच वर्षांत एकदाही नाही.

निघायच्या आधी एस्नार्टने ज्यासाठी ती खरं तर आली होती, ते सांगितलं. सदस्य बाई वारली की तिची पट्टी हवी का, असं आधी तिच्या घरातल्या बाईला विचारतात. तुमच्या घरातली बाई मी. पट्टीत अजून तुमची मेथी आहे, बी पडून उगवत राहते. तिथे ती कुणालाही आवडत नाही, कडू लागते, असंही तिने सांगून टाकलं.

मी म्हटलं, मला नको. मग म्हटलं, मुलांना बघणाऱ्या त्या बाईला द्या.

एस्नार्टने मान हलवली. "तुम्हाला नको असेल तर ती समितीची झाली. कुणाला द्यायची ते आम्ही बसून ठरवू."

तिने हे तोडून म्हटलं नाही, पण पुढे बोलायला जागाही ठेवली नाही. खरं सांगते, त्या क्षणी ती मला आवडली. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून ती गप्प बसली नाही. तुम्ही तिच्याबरोबर पाच वर्षं राहिलात, थोडं आधी शिकला असतात तर?

तिला एमआरटी स्टेशनपर्यंत सोडून आल्यावर मी केदारला विचारलं, तुला माहीत होतं? तो तुमच्या अंत्यविधीला तिकडे गेला होता, त्या बायकांना भेटला होता. तो चहाचे कप विसळायला लागला. मग म्हणाला, "माहीत होतं. तू चिडली असतीस." म्हणजे तुमच्या घरात ही रीतच आहे. समोरची चिडेल म्हणून तिला सांगायचंच नाही, आणि ते चांगुलपणात जमा करायचं. मी त्याला म्हटलं की पुढच्या महिन्यात आईंचं वर्षश्राद्ध येतंय, ते तू कर. स्वयंपाकही तूच कर. मी त्या दिवशी ऑफिसला जाणार आहे. तो हो म्हणाला. बघू.

सईने तो प्रश्न परत विचारलेला नाही, पण ती विचारणार. मी तुम्हाला वचन देते, आणि हे वचन तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे. ती विचारेल तेव्हा मी तिला खरं सांगेन. आजीने विमानतळावर तुझ्या गालाला हात लावून खोटं सांगितलं आणि ती परत आली नाही, हे सांगेन. तिथल्या बायकांनी स्वतःच्या हाताने पाणी चालू केलं आणि तेव्हा त्यांची मुलं आजीजवळ होती, हेही सांगेन. जे काम आजीने तुझ्यासाठी केलं नाही, त्या कामाला पगार मिळावा म्हणून ती भांडली आणि जिंकली, हेही. नुसतं वाईट सांगायचा मोह होईल. तो आवरीन. सभेत लोक बोलले तसं नुसतं चांगलंही सांगणार नाही.

मग तुमच्यावर चिडायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. माझं ठरलेलं आहे.

तुमची सून,
वृंदा