पाचव्या व्हर्जनमधली मैथिली

३ नोव्हेंबर, सोमवार. अमरावती.

आले बाई एकदाची! बासष्टाव्या वर्षी नोकरीचा पहिला दिवस, आणि तोही फोटो स्टुडिओत. अकोल्याहून सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरले, तिथून ऑटोनं रुक्मिणीनगर. खोली माडीवरची आहे, लहानशीच, पण खिडकी पूर्वेला. मालकीणबाईंनी आल्याआल्या चहा आणि ताटलीत सोललेली संत्री पाठवली. हे गेल्यापासून अकोल्याच्या घरात भांडं पडलं तरी दचकायला व्हायचं. सिंधू म्हणाली, ताई, या वयात कशाला? मी म्हटलं, या वयातच. धाकट्या बहिणींना काही कळत नाही.

स्टुडिओ राजकमल चौकाजवळच्या गल्लीत आहे. मालक कुंदन, वय पस्तिसेक, बोलका. त्याचं मुख्य काम म्हणजे गेलेल्या माणसांचे फोटो. तेरवीला हार घालून फोटो ठेवायचा असतो, पण खेड्यातल्या कित्येक म्हाताऱ्यांचा धड एक फोटो नसतो. असतो तो आधार कार्डावरचा, आणि त्यात साधूसुद्धा चोर दिसतो. मग घरचे लोक वर्णन सांगतात, नाक असं, मिशा तशा, आणि एआयची एक सेवा त्या शब्दांवरून चेहरा तयार करते. तिला मराठी अर्धवट कळतं, वऱ्हाडी मुळीच नाही. म्हणून कुंदनला स्वच्छ इंग्रजी लिहिणारं माणूस हवं होतं. माझी दोन पत्रं वाचून म्हणाला, "मॅडम, तुमचं विंग्रजी तर राणीले बी समजन."

कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट आम्हाला एकेक चेहरा पानभर वर्णन करायला लावायच्या. 'सुंदर' हा शब्द लिहिला की वही परत. पन्नास वर्षांनी त्या छळाचा पगार मिळणार आहे!

८ नोव्हेंबर, शनिवार.

काम आवडू लागलं आहे. आज नांदगाव पेठेचा गजेंद्र आला होता. वडील नत्थुजी मंगळवारी गेले. वांगी-कोबी पिकवणारी माणसं. पोरगा शेतातूनच आला होता, पायाला माती. त्यानं सांगितलेलं वर्णन मी लिहून घेतलं, इंग्रजीत घातलं आणि त्या सेवेच्या तीन नंबरच्या व्हर्जनला दिलं. कुंदनकडे सध्या तेच आहे. चेहरा आला तो गुळगुळीत, मेणाचा. गजेंद्र बघतच राहिला आणि म्हणाला, "हे आमचे बाबा नाही, मॅडम. हा तर बँकेतला साहेब वाटते. कर्ज नाई देनार हा."

आम्ही तिघंही हसलो. मग तो खुर्चीत पुढे सरकून सांगू लागला. बाबांचा डावा कान फाटलेला होता. तरुणपणी बैलानं शिंग मारलं होतं, आणि ते लोकांना सांगायचे की बायको चावली. आई दरवेळी चिडायची. सांगता सांगता हसला, हसता हसता रडला. अर्धा तास बोलत होता. चित्र चुकलं म्हणूनच त्याला इतकं आठवलं, असं मला वाटून गेलं.

कान तरीही फाटका येईना. सहा वेळा करून पाहिलं. गजेंद्र म्हणाला, बुधवारी येतो.

१० नोव्हेंबर, सोमवार.

कुंदन अपग्रेडच्या विचारात आहे. सध्याचं तीन नंबर. चार नंबर आठ दिवस वापरून बघायला मिळालं आहे. पाच नंबर परवा येतंय. त्यानं मला सांगितलं की एकच वर्णन तिन्हींना द्या, चित्रं शेजारी ठेवा आणि कोणतं घ्यावं ते लिहून काढा.

कोणाचं वर्णन द्यायचं? गिऱ्हाइकाच्या घरच्या मेलेल्या माणसाला असं तपासायला वापरणं मला बरं वाटेना. म्हणून मी मैथिलीचं दिलं.

तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही. ती नऊ वर्षांची असताना मेंदूज्वरानं गेली, आणि यांनी सगळे फोटो तिच्या अस्थींबरोबर पूर्णेत सोडले. मला न विचारता. मी त्यांना कधी दोष दिला नाही, पण तेव्हापासून ती फक्त माझ्या डोळ्यांसमोर आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

जे इंग्रजीत लिहिलं ते इथेही लिहिते. कपाळाच्या मध्यावर केसांचा भोवरा, त्यामुळे भांग कधी सरळ राहायचा नाही. मी कंगवा ओला करकरून हरायचे. वरच्या दोन दातांत फट. त्यातून शीळ घालायची, आणि तिच्या शाळेतल्या सिस्टर मला बोलावून घ्यायच्या. उजवी भुवई डावीपेक्षा वर, म्हणून सारखं काहीतरी विचारतेय असं वाटे.

तीन नंबरनं कोणा जाहिरातीतली मुलगी दिली. मी मोठ्यानं म्हटलं, छे, अशी नव्हती गं! आणि त्या क्षणी खरी मैथिली इतकी लख्ख दिसली की टेबल धरावं लागलं. चार नंबरची जरा जवळची. तिच्यात भोवरा आहे, पण डोळे परके.

कुंदनला म्हटलं, चार बरं आहे. तो म्हणाला, पाच तर येऊ द्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

पाच नंबर आलं.

दुपारी तेच शब्द दिले. चित्र उमटायला चार सेकंदही लागले नाहीत. मी रडले. कुंदन पाणी घेऊन आला, काय झालं विचारू लागला. मी नुसतं चित्राकडे बोट दाखवलं. हीच. अगदी हीच. सरळ भांग, मोत्यासारखे ओळीत दात, शांत भुवया. माझी मैथिली, बत्तीस वर्षांनी.

सिंधूला लगेच व्हॉट्सॲपवर पाठवलं. तिचाही रडतच फोन आला.

कुंदननं चित्र छापून चौकटीत बसवून दिलं, आणि जुनी दोन्ही व्हर्जन बंद करून पाच नंबर घेतलं. दुकानाच्या नव्या बोर्डावर तुमचाही फोटो टाकू म्हणाला, आणि माझा एक काढून घेतला. गजेंद्रचं कामही त्यावर झालं. आजच बडनेऱ्याच्या खुशालरावांचंही होतं, तेही गेल्या आठवड्यात वारलेले. दोन्ही घरचे लोक फोटो घेऊन गेले. या वेळी कोणी तक्रार केली नाही. कोणी बसून काही सांगितलंही नाही. बघितलं, डोळे पुसले, निघून गेले.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे.

आज कागद लावताना लक्षात आलं. खुशालरावांचं वर्णन मी नत्थुजींच्या नावाखाली टाकलं होतं आणि नत्थुजींचं खुशालरावांच्या. दोन्ही घरी परक्याच माणसाचा फोटो गेला आहे. त्यापुढे दिवा लागत असेल. आणि एकाही घरून फोन नाही.

कुंदन म्हणाला, कोणी काही म्हणत नाही तर तुम्ही काहून जीव जाळून राहिल्या? पण उद्या नत्थुजींची तेरवी आहे. जाऊन सांगायलाच हवं.

१६ नोव्हेंबर, रविवार.

नांदगाव पेठेला जाऊन आले. 

अंगणात पंगत बसली होती. ओट्यावर पाट, पाटावर झेंडूचा हार घातलेले खुशालराव. रुंद जबडा, जाड मिशा, दोन्ही कान धड. मी गजेंद्रला बाजूला घेतलं आणि हात जोडून सांगितलं की चूक माझी आहे, हे तुमचे वडील नव्हेत.

त्यानं माझे जोडलेले हात खाली केले. मग समजूत घालावी तसं म्हणाला, "मॅडम, असं काय बोलता? आमचे बाबा असेच होते."

मी फाटक्या कानाची आठवण दिली. बैल, शिंग, बायको चावली म्हणायचे ते. त्यानं आईला हाक मारली. माणिकबाई आल्या, पदरानं हात पुसत. म्हणाल्या, "कान कायले फाटन, माय? कोन सांगतलं तुमाले?"

तुमच्या मुलानंच, असं म्हणवेना. पर्समध्ये नत्थुजींच्या आधार कार्डाची प्रत होती. ती पुढे केली. त्या एवढ्याशा फोटोतही कान फाटलेला स्पष्ट दिसतो. गजेंद्रनं कागद उलटसुलट केला, नाव वाचलं, हसला. "नाव बाबाचं हाय, फोटू दुसऱ्याचाच मारला यायनं. सरकारी काम!" आणि मला जेवायला बसवलं.

चाळीस वर्षं संसार केलेली बाई. तिच्या नवऱ्याचा चेहरा—

येताना बसमध्ये एकच विचार. पाच नंबर गेलेलं माणूस आणून देत नाही. आपण ते चित्र पाहिलं की आपल्यातला खरा चेहरा जातो आणि चित्रातला तिथे येऊन बसतो.

आणि मी त्याला मैथिली दिली आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

दहा तारखेचं पान काढून वाचलं. अक्षर माझंच. भोवरा. दातांतली फट. वर चढलेली भुवई.

एखाद्या अनोळखी मुलीबद्दल वाचावं तसं वाचलं. माझ्या मैथिलीचा भांग सरळ होता. मला दिसतोय ना, सरळ. दात ओळीत. तिनं कधी शीळ घातली नाही.

मग मी हे कोणाबद्दल लिहिलं?

तिसऱ्यांदा वाचलं. शब्द वाचते आणि डोळ्यांसमोर चौकटीतलीच येते. चौकट कपाटात पालथी ठेवली. काही फरक नाही. ती आता चौकटीत नाहीच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

सिंधूला फोन केला. भोवऱ्याचं विचारलं. सहज विचारतेय असं दाखवून. ती म्हणाली, "भोवरा कुठला गं ताई? तुला काय होतंय? तिचा भांग किती सरळ असायचा."

मैथिलीला तेल लावून न्हाऊ घालणारी माझी बहीण. मीच पाठवलं तिला चित्र. मी. माझ्या हातानं.

आणि सिंधूनं ते कोणाकोणाला पाठवलं असेल— विचारलं. सगळ्यांना, म्हणाली. दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांना. सगळे रडले म्हणे.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

कुंदनला सांगितलं, मला तीन नंबर परत दे. ते चुकायचं. ते चुकलं की मी 'अशी नव्हती' म्हणायचे, आणि मग ती दिसायची. तो म्हणाला, जुनी व्हर्जन कंपनीनंच काढून टाकली, मागं नाही जाता येत. त्याला माझी काळजी वाटतेय. चांगला आहे बिचारा. म्हणाला, मॅडम, दोन दिवस घरी राहा.

तो जेवायला गेल्यावर पाच नंबरला वहीतले शब्द पुन्हा दिले. भोवरा. फट. भुवई. तीच मुलगी आली.

लिहिलं, कुरूप मुलगी. तीच.

लिहिलं, म्हातारा, मिशा, फेटा. तीच. हसत. दात ओळीत.

काहीच न लिहिता बटण दाबलं—

मशीन बंद करून खाली रस्त्यावर येऊन उभी राहिले. लोक बघत होते.

कोणी तरी हवं, ज्यानं खरी मैथिली पाहिली आहे पण चित्र पाहिलेलं नाही. असं एक तरी माणूस.

मनकर्णाबाई! अकोल्याला मैथिलीला नऊ वर्षं तिनंच सांभाळलं. आता तिवशाला नातीकडे असते. मोतीबिंदू पिकून दोन्ही डोळे गेले आहेत. तिला कोणी चित्र दाखवूच शकत नाही.

उद्या पहिली बस.

२० नोव्हेंबर, गुरुवार. तिवसा. दुपार.

तिच्याजवळच बसून लिहितेय. आवाजावरूनच ओळखलं तिनं. फोन तिच्या नातीकडे, रूपालीकडे चार्जिंगला दिला आहे. त्याची बॅटरी संपत आली होती, आणि मला तो जवळ नकोच होता.

विचारलं, मैथिली कशी होती गं? म्हणाली, "डोये गेले, बाई, पन पोरगी दिसते मले. रोज दिसते." माझा जीव भांड्यात पडला. आहे. अजून कुठेतरी आहे ती.

सांगू लागली. केस असे, नाक असं. मी डोळे मिटून ऐकलं, आणि पुन्हा तीच, चौकटीतली. शब्दांचा उपयोग नाही. मला शब्द नकोत, चेहरा बघायचा आहे. एकदाच.

तसं म्हटलं तिला. तिनं चाचपडत माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला. कपाळ, भुवया, गाल. मग हसली. "काहून रडता मंग? तुमचंच तोंड घेऊन आली होती ते. सारं गाव म्हने, माय आन् लेक, एकच साचा. आरशात पाहा, दिसन."

माझंच! माझ्या चेहऱ्यात आहे ती. हे मी कसं विसरले? चौकटीतल्या मुलीत माझं काहीच नाही, हे एकदाही लक्षात कसं आलं नाही?

रूपालीला आरसा मागितला आहे. आतून आणतेय. तीस वर्षांत आरशाची अशी ओढ—

आणला. पण तिच्या दुसऱ्या हातात माझा फोन आहे. कौतुकानं सांगतेय, कोणा कुंदनभाऊंनी पाठवलं, दुकानाच्या बोर्डासाठी तुमचा फोटो पाच नंबरवर करून. किती सुंदर आला मावशी, पाहा—

नको म्हटलं. ओरडले. पण तिनं समोर धरलाच होता.

पाहिला. क्षणभरच.

आरसा हातात आहे. त्यात एक बाई आहे. साठीची असेल. चांगल्या घरातली वाटते. रडून डोळे सुजले आहेत तिचे.

मनकर्णाबाई विचारतेय, दिसली का वं, बाई? दिसली का पोरगी?

काय सांगू हिला

आरशातली बाई माझ्याकडेच बघतेय. ओळखीची असेल का कुठली. विचारावं म्हणते, बाई, तुम्ही कोणाची आई—