तेजूच्या कादंबरीत तू मरतेस, शालन

प्रिय शालन,

उद्या तुला जाऊन वर्ष होतंय, तुझं पहिलं पुण्यानुमोदन. मांडववाला येऊन गेला, खुर्च्या लागल्या, आणि मी दुपारपासून ओट्यावर बसतो, उठतो, पुन्हा बसतो. कारण असं, की आपल्या नातीनं, तेजूनं, कादंबरी लिहिली आहे. तिच्यात तू आहेस, अगदी नावासकट. आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात तू मरतेस. तेच प्रकरण ती उद्या सगळ्यांसमोर वाचणार आहे. अगं, एकदा गेलीस ते पुरलं नाही का?

कादंबरी तुझ्या आवडीची आहे, जग मोडून पडल्यानंतरची. डिंभे धरणाचा तळ उघडा पडलाय, उसाची चिपाडं झालीत, गावाला तारेचं कुंपण आणि कुंपणाबाहेर बिबटे. सगळं बियाणं एका कंपनीच्या कुलपात. वाचताना वाटलं, यात पुढचा काळ तो कुठला? बिबट्याच्या भीतीनं गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधून बाया आजच खुरपायला जातात की!

तुला असली पुस्तकं कशी काय आवडायची, देव जाणे. कळंबच्या वाचनालयात तू पुस्तकं द्यायला बसायचीस आणि संध्याकाळी एखादी भाषांतरित कादंबरी पिशवीतून घरी यायची. मी आपला शाळेतल्या कवितांचा माणूस. भाकरी थापता थापता तू गोष्ट सांगायचीस आणि मधेच पिठाचा हात वर करायचीस.

"अवो मास्तर, आली बघा काळी बाई. आता ही मरणार."

"कशावरून?"

"लई चांगली हाय म्हणून! जखमा धुती, दुसऱ्याची पोरं सांभाळती, शहाणपण सांगती. आता त्या गोऱ्या पोरीपायी जीव देईल, मग ती पोरगी पेटून उठंल. काडेपेटी हाय व्हय आमी?"

आणि चार दिवसांनी पुस्तक मिटून म्हणायचीस, "गेली." जशी आपल्या आळीतलीच कोणी गेली! परदेशातली बाई, नावसुद्धा तुझ्या जिभेवर बसायचं नाही, पण त्या दिवशी तुला घास जायचा नाही. "राजे गेले, शहरं गेली, समदं बुडालं," म्हणायचीस, "पर आमचं काम काय बदललं न्हाई. तिथं बी पाणी आमीच भरायचं." आणि ही सगळी तक्रार माझ्याकडे, जणू ती पुस्तकं मीच लिहिलीत!

मग तुझा राग उतरावा म्हणून मी कविता म्हणायचो. एकदा तू विचारलंस, "तुमच्या कवितांमधी काळं काय काय असतंय?" मी हरखून सांगत सुटलो. मेघ काळे, माती काळी, कोकिळा काळी, डोह काळा.

"आन बाई?"

तव्यावरची भाकरी फुगून खाली बसली, पण मला ओळ आठवेना. पाठ केलेल्या कवितांतल्या सगळ्या बायका चंद्रासारख्या! अजून शोधतोय गं.

तर तेजूची कादंबरी. तिच्यातली शालन काळीसावळी, म्हातारी, वाळल्या भोपळ्यात राख घालून बियाणं राखणारी. कंपनीची माणसं येतात तेव्हा ती भोपळा आर्या नावाच्या नायिकेच्या ओटीत पालथा करते, फाटकात उभी राहते आणि जीव देते. मग नायिका पेटून उठते. पोरीनं रडत रडत लिहिलंय, जीव ओतलाय. पण मला तुझा पिठाचा हात दिसायला लागला.

सकाळी पावट्याच्या शेंगा सोलत होतो. म्हटलं, विचारून टाकावं.

"तेजू, ही तुझी आर्या कोण गं?"

"मीच की, आजोबा. ओळखलं नाहीत? हनुवटीवरचा तीळ माझा, नखं खायची सवय माझी."

"मग गोरी कशी?"

तिची शेंग हातातच राहिली. पोरगी थेट तुझ्या रंगावर गेलीय, शालन. तूच तर तिला मांडीवर घेऊन "माझा जांभूळ" म्हणायचीस.

"नायिका आहे ना…" म्हणाली आणि शेंग सोलायला लागली. मग उसळून म्हणाली, "आणि आजी मरते त्याचंही वाईट वाटलं का? मी तिला अमर केलंय, आजोबा!"

"मारून?"

फार बोललो का गं? तिचे डोळे भरले. मला तर भाषण येत नाही. मग मी तिला हौसाबाईची गोष्ट सांगितली. शेजारची हौसाबाई पावट्याचं बियाणं मागायला आली होती. तू तिची ओंजळ भरलीस आणि भोपळा पुन्हा आढ्याला टांगलास. आत हलवलं की वाजायचं. आपल्याकडं बियाणाचं भांडं कधी पालथं करत नाहीत, मूठभर मागं ठेवतात.

हौसाबाई म्हणाली, "शालनबाय, लई आखडता हात बाई तुमचा!"

तू म्हणालीस, "समदं दिलं तर फुडल्या साली तुला कोन देनार? तुजा दादला?"

दोघी किती हसलात! आणि पुढच्या साली हौसाबाई खरंच पुन्हा आली होती.

"पण आजोबा," तेजू म्हणाली, "आजी जगली तर आर्या पेटून कशी उठणार?"

"ते मला काय ठाऊक? पण मागं ठेवलेली मूठ सांभाळायला ती बाई जगायला नको का?"

ती लॅपटॉप उचलून आत गेली. तेव्हापासून दार लोटलेलं. मधेच खडखड बटणं वाजतात, मधेच चिडीचूप. जेवायलाही आली नाही. पोरीचं पुस्तक मोडलं का मी? तू असतीस तर दार ढकलून आत गेली असतीस. मी इथं बसून तुला लिहितोय.

थांब. दार वाजलं.

आली होती. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. दारातूनच विचारलं, "आजोबा, आजी चिडली की पहिल्यांदा काय म्हणायची?"

मी सांगितलं. मेल्या, मुडद्या, भाड्या, सगळं क्रमानं सांगितलं. ती हसली, म्हणाली, "फाटकात उभी राहून कंपनीच्या साहेबाला हेच म्हणेल," आणि आत पळाली. जाता जाता पुन्हा डोकावली, "आणि आर्याचं नाव बदलतेय. रंगही."

शालन, माझा शब्द घे. तुझा भोपळा मी खाली काढला, अजून वाजतो. येत्या हंगामात परसात पावटा लावीन. हौसाबाईची सून मागायला येईल, तिला ओंजळभर देईन, बोलणी खाईन, पण मूठ मागं राखीन. आणि काळ्या बाईची ती राहिलेली ओळ कुठल्या कवितेत सापडली नाही, तर या वयात मी स्वतः लिहीन. यमक जुळलं नाही तर हसू नकोस.

उद्या पुढच्या रांगेत बसून ऐकणार आहे. या खेपेला तू मरत नाहीस.

तुझाच,
मास्तर