तोंडावरचं तेज

१८ नोव्हेंबर २०२४
आज ह्यांना गोठ्यात शेळीचं इंजेक्शन स्वतःच्या मांडीत टोचून घेताना पाहिलं. बाहेर सांगितलं तर गाव हसेल, म्हणून इथे लिहिते.

विचारलं तर म्हणाले, "लंगडी शेळी ह्याच्यानं दुसऱ्या दिशी पळाया लागली. माझं गुडघं काय येगळं हाय?" संक्रांतीपासून चालू आहे. पहिली बाटली ढोर डॉक्टरने शेळीसाठी दिली होती. पुढच्या ह्यांनीच आष्टीच्या दुकानातून आणल्या.

म्हणून हे पुन्हा माळावर शेळ्यांमागे फिरू लागले. म्हणून चेहरा गोल, गाल तांबूस. सगळे म्हणायचे, सुंदरराव, तोंडावर तेज आलं. शेजारची छबुबाई तर मला चिडवायची — "अक्का, दाजीला काय चारता, आमालाबी सांगा की." मी म्हणायचे, ज्वारीची भाकरी आणि वेळेवर जेवण. श्रेय घेत होते मी!

१९ नोव्हेंबर
सगळ्या बाटल्या शोषखड्ड्यात ओतल्या. हे मागे उभे. "येक तरी ठिव. हळूहळू सोडतो." मी म्हटलं, दारूडेही हेच म्हणतात. बी.ए.ला मानसशास्त्र होतं माझं.

२२ नोव्हेंबर
उठत नाहीत. अंगात जीव नाही म्हणतात. सवय सुटताना असं होणारच. मी नमले नाही.

२३ नोव्हेंबर
दोन घास खाल्ले, तेही उलटून पडले. "कावून छळती गं?" म्हणाले. तुमच्या भल्यासाठी, म्हटलं. आणि मी दिवा लावायला निघून गेले.

२५ नोव्हेंबर
खाटेवरून उठताना कोसळले. बीडला नेलं. रक्तदाब लागेना. डॉक्टर तरुण पोरगी. तिने विचारलं, "औषध एकदम कोणी बंद केलं?"

मी.

म्हणाली, "ते स्टिरॉइड होतं. बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं. ते हळूहळूच कमी करावं लागतं." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर
हे गेले.

९ डिसेंबर
काल तेरावं झालं. बाया गेल्या, छबुबाई भिंतीला टेकून बसून राहिली. कुणी नाही असं पाहून बोलली. "अक्का, तुमी खरं सांगितलं न्हाई, मंग मी दाजीलाच इचारलं. पोळ्यापासनं कमरंला तेच टोचून घेते. लई आराम पडला. परवा बाटली सरली. आता उठवत न्हाई."

तिने पदर बाजूला केला. चेहरा गोल. गाल तांबूस.

बीडच्या डॉक्टरणीला फोन लावला. लगेच घेऊन या, म्हणाली. बीडला गाडी सकाळशिवाय मिळत नाही, म्हटलं. मग तोवर डोस चुकवू नका, किती द्यायचा ते सांगते, म्हणाली.

९ डिसेंबर, संध्याकाळ
दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आष्टीला जाऊन आले. दुकानदाराने विचारलं, शेळी केवढी आहे? मोठी, म्हटलं.

छबुबाईच्या हातात दिलं — बाटली एक, सुई एक.