उघडा कोपरा

४ नोव्हेंबर
आज सकाळी आंघोळ करून दोऱ्याला मेण लावलं, देवाचं नाव घेतलं आणि या घरी कामाला आलो. प्रसन्न घर. उजेडाची खोली, रुंद टेबल, वेळेवर चहा. काम सोपं आहे: वारलेल्या आजीच्या कपड्यांची गोधडी शिवायची. तिला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी नातवंडं ती अंगावर घेऊन पाहुण्यांना आठवणी सांगणार. नातवंडं दोन. थोरला वकील. धाकटी लोकांना भाषण करायला शिकवते, तोंड मिटत नाही. आजी म्हणजे मायेचा झरा, आजी म्हणजे सावली, असं बराच वेळ चाललं. मी विचारलं, तिच्या हाताला वास कसला यायचा? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटी म्हणाली, मायेचा.

धन्य आहे.

७ नोव्हेंबर
कपड्यांना थापा मारता येत नाहीत. जुने झगे गुडघ्यावर झिजलेत. फरशा पुसून हिनेच या दोघांना वाढवलं. शेवटच्या काळातल्या झग्यांची मात्र फक्त उजवी बाही विरलेली. तिची मागची खोली पाहिली तेव्हा कळलं. दाराचा रंग आतून उडालाय, मनगटाच्या उंचीवर. कडी बाहेरून. थोरल्याला विचारलं, तर म्हणतो, अहो काका, ती भटकायची, तिच्या भल्यासाठीच होतं ते. कोर्टातही असाच बोलत असेल. दार वाजवून वाजवून म्हातारीची बाही गेली, आणि हे माझ्यासमोर रुमाल काढून डोळे टिपतात.

१२ नोव्हेंबर
आमच्या धंद्यात मेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी चारी बाजूंनी बंद करत नाहीत. एक कोपरा उघडा सोडतात. कपड्यांत मागे राहिलेलं माणूस तिथून निघून जातं. वडिलांनी शिकवलं, मी पाळतो. धाकटीला सांगितलं तर हसत सुटली. म्हणाली, काका, आजीला कुठे धाडताय, आम्हाला हवीय ती! शिवाय फोटोत भोक दिसेल म्हणे. मी जेवून आलो तर बाईंनी कोपरा स्वतःच शिवलेला. कोंबडी नाचून गेल्यासारखे टाके, पण घट्ट. उसवायला गेलो तर गोधडी हिसकावून घेतली. म्हटलं, घ्या.

१५ नोव्हेंबर
मधल्या टाक्यांसाठी परत दिलेली गोधडी काल घडी घालून काखेत मारली होती, आज ती मला उचलवली नाही. उन्हात न ठेवताही गरम आहे. दोघं खूश. आजीची ऊब, म्हणतात. मी कान लावला. आतून ठक ठक. थांबून पुन्हा. तेच दार वाजवणं.

१६ नोव्हेंबर
दुपारी धाकटी ती पांघरून झोपली. सोडवायला थोरला आणि मी, दोघं लागलो. दंडावर वळ, बोटांचे. थोरला पांढराफटक. जाळून टाकू म्हणतो. एवढी लाडकी आजी, आणि जाळून टाकू! आत माणूस आहे. देवाला काय तोंड दाखवू? म्हटलं, मागच्या खोलीत नेतो, कोपरा उसवतो, तिला जाऊ दे. तुम्ही फक्त दार उघडं ठेवा. थोरल्याने देवाशपथ हो म्हटलं.

१७ नोव्हेंबर
मागच्या खोलीत. नाव घेऊन पहिला टाका कापला. मग दुसरा —

बाहेर कडी लागली. त्यांनीच लावली. पळत जाणाऱ्या चपला. आयुष्यात यांना हे एकच काम नीट जमलं.

घडेल ते लिहून ठेवतोय. सगळे टाके कापले.

कोपऱ्यातून मनगट. उजवं. फरशीच्या साबणाचा वास — असा होता तर —

मागोमाग आजी सगळी बाहेर. माझ्याकडे पाहिलंही नाही. दाराशी गेली. वाजवत नाही. नुसता हात ठेवलाय.

कडी बाहेर आहे, आणि सरकतेय —

जिन्यावरून दोघं ओरडतात, काका, तिला धरा, तुम्हाला शपथ —

धरणार नाही. बाजूला झालो. तिची वाट मोकळी. दार उघडलं, ती जिन्याकडे वळली.