धावपट्टीच्या टोकाची राखण

१२ जानेवारी २०२६, सोमवार
आजपासून मुक्काम धावपट्टीवर. लोणी काळभोरच्या पुढे हमरस्ता सोडून आत वळलं, की पालिकेचं हे चिमुकलं विमानतळ लागतं. एक धावपट्टी, दोन खोल्यांचं कार्यालय, शिकाऊ वैमानिकांची तीन विमानं आणि अमाप ऊन. धावपट्टी वाढवायची आहे. त्याने पर्यावरणाचं काय होईल ते आम्ही सांगायचं. आम्ही म्हणजे दिगंबर सरांची कंपनी, आणि इथे कंपनी म्हणजे मी एकटी, पूर्वा. कर्वेनगरहून निघताना आईने तिळाच्या लाडवांचा डबा असा दिला, की जणू मी लढाईवर चालले आहे.

रखवालदार संपतमामा आणि सुंदराबाई हे नवरा-बायको कार्यालयामागच्या खोलीत राहतात. सुंदराबाईंचं पिठलं खाऊन मी जागेला शंभरपैकी नव्वद मार्क दिले. दहा मार्क पंख्याचे कापले.

१३ जानेवारी
काम सोपं आहे. रोज सकाळी कार्यालयापासून पलीकडच्या टोकापर्यंत आठशे मीटर चालायचं. मेलेला पक्षी-प्राणी दिसला की तक्त्यात तीन रकाने भरायचे: कार्यालयापासूनचं अंतर, प्रजाती, अवस्था. आज एक होला, पंख तुटलेला.

टोकाला शेंदूर फासलेला दगड आहे. पुढ्यात पिसं, हाडं, आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी. संपतमामांनी सांगितलं, ही राखण हाय ताई, दर अवसेला कोंबडं द्यायचं, धावपट्टी झाली तवापासून एक अवस चुकली न्हाई. म्हणजे यांच्या कोंबड्यापायी घार विमानाच्या इंजिनात शिरणार. राखणदार तिकीट काढून बसतो का, असं मी विचारलं. ते हसले नाहीत.

१५ जानेवारी
राखण बंद करावी, पक्ष्यांचा धोका आहे, अशी लेखी शिफारस केली. विमानतळाच्या व्यवस्थापकांनी तासाभरात हुकूम काढला. अहवालात 'स्थानिक प्रथा व धार्मिक स्थळे' असा रकाना आहे. दिगंबर सरांनी कुठल्याशा गोदामाच्या जुन्या अहवालातून सगळी पानं उचलली आहेत, त्यामुळे तिथे आधीच 'नाही' छापलेलं होतं. सर फोनवर म्हणाले, राहू दे, 'आहे' लिहिलंस तर सहा महिने सुनावण्या. मी सही केली. सगळेच करतात.

१८ जानेवारी, अमावास्या
संपतमामा पिशवीत कोंबडा घेऊन निघाले होते. मी वाटेत उभी राहिले आणि हुकूम वाचून दाखवला. त्यांनी कोंबडा सोडून दिला. सुंदराबाई एवढंच म्हणाल्या, आता त्यो स्वतःच्या हातानं घेईल. मला वाईट वाटलं, पण काम ते काम.

१९ जानेवारी
अंतर आठशे मीटर. प्रजाती घार, अकरा. अवस्था: गळ्यापासून शेपटीपर्यंत उभ्या चिरलेल्या. खाल्लेलं काहीच नाही. विमानाने असं होत नाही.

२० जानेवारी
सहाशे मीटर. भटके कुत्रे, चार. तसेच चिरलेले. आतडी पांढऱ्या रेघेवर ओळीने मांडलेली. हे भर दुपारी बारा वाजता झालं. साडेअकराला ते माझ्यासमोर भुंकत होते. वन खात्याला फोन केला. बिबट्या असेल म्हणाले. बिबट्या मानगूट धरतो आणि खातो, हे मी त्यांना सांगायचं?

२१ जानेवारी
जसं पाहिलं तसं लिहिते.

बाराला संपतमामा कुत्रे पुरून परत येत होते. मी दारात होते. ते थांबले. खांद्यावरचं फावडं पडलं. मग ते जमिनीपासून हातभर वर उचलले गेले. आजूबाजूला काही नव्हतं, काहीच नव्हतं. गळ्यापासून कमरेपर्यंत ते पोत्याची शिवण उसवावी तसे उसवत गेले. सावकाश. ते ओरडत होते, आणि आवाज बंद झाल्यावरही तोंड उघडत-मिटत होतं. सुंदराबाई धावल्या, मी त्यांना कवटाळून धरलं. त्या माझ्या हाताला चावल्या.

अंतर मोजलं. चारशे मीटर. मी संपतमामांना तक्त्यात लिहिलं. मला माझीच किळस येते.

रोज दोनशे मीटर. कार्यालयाकडे.

२२ जानेवारी
पोलीसही बिबट्याच म्हणाले. पिंजरा लावला.

दुपारी बारा. दोनशे मीटर. प्रजाती बिबट्या, नर. उभा चिरलेला.

वन खात्याचे लोक म्हणाले, चला, प्रश्न मिटला. त्याला गाडीत घालून गेले. एकानेही विचारलं नाही, की बिबट्याला कोणी मारलं.

दिगंबर सरांना फोन केला. तो रकाना बदला, 'आहे' लिहा, म्हणून रडले. सर म्हणाले, अहवाल गेलाय, घरी ये आणि झोप काढ.

उद्या शून्य मीटर. म्हणजे ही खोली. सुंदराबाई जागेवरून हलत नाहीत. धन्याचं मढं दवाखान्यातून येईस्तवर न्हाई, म्हणतात.

२३ जानेवारी, सकाळ
बोकड आणला. दगडापुढे बांधला. सुरा हातात धरला, पण चालवता आला नाही. मी आयुष्यात कधी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. चूक माझी होती, सही माझी होती, असं त्या दगडाला मोठ्याने सांगितलं. शेंदराला हात लावला. तो गरम होता.

सव्वाअकरा
सुंदराबाईंच्या पाया पडले. दवाखान्यात जा, मामांना तुमच्या हातचं पाणी मिळायला हवं, म्हटलं. ऐकलं शेवटी. रिक्षा आली. मलाही चल म्हणाल्या — हात धरून ओढत होत्या —

मी गेले तर उद्या दोनशे मीटर पुढे. परवा चारशे. त्या दिशेला लोणी आहे, आणि कधीतरी कर्वेनगर, आई —

रिक्षा गेली.

अकरा पंचावन्न
बोकड परत आलाय. दोरी तुटलेली. अंगावर ओरखडासुद्धा नाही. दारात उभा राहून माझ्याकडे बघत रवंथ करतोय.

बोकड नकोच होता त्याला —

आई, डबा कपाटात आहे. चार लाडू उरलेत —

बोकड बाजूला सरकला. कोणाला तरी वाट दिल्यासारखा —

पाय जमिनीला लागत नाहीयेत — तक्ता माझा मीच —

अंतर शून्य मीटर. प्रजाती मनुष्य, मादी. अवस्था —