हिजाजीने ओवलेला कंठा

गुर्ना, लक्सरचा पैलकाठ
८ मार्च १९६८

चि. सनीयास,

महजूबकाकाचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत. ऊसतोड जोरात चालली आहे, कारखान्याच्या छोट्या गाड्या दिवसभर शिट्ट्या मारत जातात. शेळीला दोन करडं झाली. तुझ्या बापाला सांग, त्याच्या वाटणीच्या खजुराला मीच चढून नराचा मोहर बांधला आणि पडलो नाही. या वयात भाऊ झाडावर चढतो म्हणून त्याला थोडी लाज वाटू दे.

तुझी काकू समोर अंगणात पावाचे गोळे उन्हात फुगायला मांडते आहे. मध्येमध्ये मला सांगते, हे लिही, ते लिही. आता म्हणाली, "तिला लिही, शाळेच्या फरशीवर झोपून पाठ मोडून घेऊ नकोस. लग्नात वाकडी दिसशील." म्हणून लिहिलं.

लढाईमुळे सुएझ सोडून तुम्ही टांट्याच्या त्या शाळेत राहता, एका वर्गात चार कुटुंबं, मध्ये घोंगड्या टांगलेल्या, हे वाचून मला जेवण गेलं नाही. माझ्या भावाने, अब्दुर्राजिकने तेलाच्या कारखान्यात इतकी वर्षं काढली ती यासाठी नव्हे. त्याला इकडे ये म्हणायचं तर इकडे तरी काय आहे? लढाईपासून एकही गोरा प्रवासी नदी ओलांडून आलेला नाही. त्यांना विकायच्या माळा खुंटीवर तशाच लटकल्या आहेत.

तू दोनच गोष्टी विचारल्यास. कंठा परत पाठवू का, आणि थांबू का. कंठ्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे.

पाठवू नकोस.

तो कसा झाला ते तुला माझ्या हिजाजीने सांगितलं असेल, पण त्याला बढाई मारता येत नव्हती, म्हणून मी सांगतो. माझ्या माळेत थोडे जुने मणी आणि बाकी नवे, हे तुझ्यापासून काय लपवायचं. नवे मणी खतात पुरून म्हातारे करायचे, ही आपली घरची कला. साखरपुडा ठरला तेव्हा हिजाजी म्हणाला, सनीयाच्या गळ्यात खोटा मणी जाणार नाही. अख्खा हिवाळा तो डोंगराच्या पायथ्याशी, जुन्या थडग्यांच्या वाळूत चाळण घेऊन बसला. मोहरीएवढे निळे मणी, नळीसारखे हिरवे, मधोमध लाल अकीक. राखेच्या पाण्यात धुतले, रंगाला रंग लावून निवडले. मी एकदा चोरून एक नवा मणी ढिगात सरकवला, गंमत म्हणून. त्याने न बघता, नुसता बोटांनी ओळखून बाहेर काढला आणि माझ्या चहाच्या पेल्यात टाकला.

तुझ्या काकूला, दहबला मात्र ते आवडलं नव्हतं. मेलेल्यांच्या अंगावरचं लेणं नव्या नवरीला कसलं घालता, म्हणाली. त्यावर तो म्हणाला, "आई, ज्यांचं होतं त्यांना आता गळा कुठे राहिलाय?" तेव्हा तीही हसली होती.

जूनच्या लढाईनंतर फौजेचा कागद आला, हिजाजी बेपत्ता म्हणून. तिचं हसणं तिथून तिच्यावर उलटलं. तिने मनाशी धरलं की थडग्यातल्या त्या लोकांनीच त्याला अडवून ठेवलंय. त्यांची वस्तू त्यांना दिली की ते पोराला सोडतील. म्हणून तिने तुला कंठा परत पाठव असा निरोप धाडला. तुझ्यावर राग नव्हता, सगाई मोडायची नव्हती. तू उगाच रडलीस.

तू कंठा पाठवलाच नाहीस, आणि ती रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन बसू लागली. तेव्हा मी दुसरा केला. हुबेहूब तसा. माझ्याजवळचे सगळे चांगले जुने मणी त्यात घातले, कारण तिची नजर हिजाजीसारखी पारखी, की हिजाजीची तिच्यासारखी, कोण जाणे. सनीयाने पाठवला म्हणून तिच्या हातात दिला. तिने तो घरामागच्या जुन्या थडग्याच्या भुयारात दोरीने सोडला. मी मागे उभा होतो. खाली वाकून ती म्हणाली, "घ्या तुमचं. आता माझं द्या." शेजारणीची उसनी चाळण परत करावी, तशा आवाजात.

जानेवारीत लढाईतले कैदी सुटले. कॉफीच्या दुकानातल्या रेडिओवर बातमी आली आणि दहबने माझ्याकडे असं पाहिलं, की बघ. आम्ही होडीने पलीकडे गेलो, लक्सर स्टेशनात उभे राहिलो. आगगाडीतून पोरं उतरत होती, वाळलेली, मोठमोठ्या डोळ्यांची. दहब प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत फलाटभर फिरली. तिच्या ओच्यात ताजे पाव होते. ते तिने कुणाकुणाच्या पोरांना वाटून टाकले.

तिथे मला वहबा भेटला. नकादा गावचा ख्रिस्ती पोरगा, हिजाजीच्या तुकडीतला. त्याने आमच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. मला बाजूला, पाण्याच्या नळापाशी घेऊन गेला.

बाळ, आता जे लिहितो ते बसून वाच, आणि तुझा बाप जवळ असेल तर त्याचा हात धर.

ते सिनाईतून पायी परत येत होते. गाड्या जळाल्या होत्या, पाणी नव्हतं. हिजाजीचे पाय सुजले, त्याने बूट टाकून दिले. एका जळक्या लॉरीच्या सावलीला तो बसला आणि म्हणाला, तू हो पुढे, मी आलोच. वहबा थोडा चालून माघारी वळला. तोवर संपलं होतं. पुरायला त्याच्या अंगात बळ नव्हतं. तोंडावर आपला शर्ट टाकला आणि निघाला. पुढे पकडला गेला, म्हणून वाचला. मी विचारलं, जागा कुठली? तो म्हणाला, "काका, नुसती वाळू आहे. जागा कसली सांगू?"

तुझं नाव घेतलं का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या पोराने दयेपोटी हो म्हटलं असतं.

जन्मभर मी वाळू चाळून खाल्लं. कुणाकुणाच्या आयांनी आपल्या लेकरांच्या गळ्यात बांधून दिलेलं सोडवून विकलं. निदान त्यांना कुणी पुरलं तरी होतं, सोबत भाकरी दिली होती, मणी दिले होते. माझ्या पोराच्या अंगावर परक्याचा शर्ट. त्या दिवसापासून मी चाळणीला हात लावलेला नाही.

नळावरून परत आलो तर दहबने विचारलं, काय म्हणाला तो? मी म्हटलं, अजून एक गाडी यायची आहे.

हेच माझ्या तोंडून निघालं, आणि आता ते परत घेता येत नाही. तिने हिजाजीची खोली पांढऱ्या मातीने सारवली. आठवड्यातून दोनदा स्टेशनात जाते. हमाल तिला ओळखू लागले आहेत, तिला बसायला खोकं देतात. ती म्हणते, कंठा दिला म्हणून कैदी सुटले, आता फक्त नंबर लागायचा आहे. तो कंठा मी केला नसता, तर कदाचित तिची आशा एव्हाना झिजून गेली असती. मी ती स्वतःच्या हाताने ओवली.

म्हणून सांगतो, सनीया, थांबू नकोस. तुला मागणी घालणाऱ्या पोस्टातल्या त्या कारकुनाला तुझ्या बापाने होकार द्यावा. विधुर असला तरी दोन खोल्या आहेत, तुझी आई त्या फरशीवरून उठेल. कंठा तुझा आहे. घाल, पेटीत ठेव, अडलं तर वीक. मी कधी विचारणार नाही.

लग्नाची बातमी इकडे येईल तेव्हा दहब तुला वाईट बोलेल. दारात उभी राहून गावाला ऐकू जाईल असं बोलेल. त्या दिवशी तरी मी तिला खरं सांगावं. सांगेन असं वचन देत नाही. स्टेशनातही खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं. माझ्या भ्याडपणाचं ओझं तुझ्या नावावर पडणार आहे, हे कळत असून मी तुझ्याकडे क्षमासुद्धा मागू शकत नाही, कारण मागितली तर तू देशील.

गोळे मांडून झाले. हात पुसत ती माझ्या शेजारी येऊन बसली आहे. तिला कुठे वाचता येतं! एवढं काय लिहिलंस म्हणते, वाचून दाखव. मी तिला खजुराचं वाचलं, करडांचं वाचलं, मग कागदावर नसलेलं बरंच काही वाचलं, ईदचं, लग्नाच्या कपड्यांचं. तिला ते आवडलं. "तुझं अक्षर इतकं दाट असतं हे ठाऊक नव्हतं," मला म्हणाली.

आता ती या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून सांगते, इथे त्याचाही सलाम लिही, पोरीला बरं वाटेल. लिहीपर्यंत ती बोट उचलणार नाही.

हिजाजीचा तुला सलाम.

तुझा काका,
महजूब